एका पाटीवरचा संगणक

(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या घरांत संगणक किती आहेत, असा प्रश्न केला तर बहुतेक मंडळी टेबलावरचा एक आणि प्रत्येकाच्या खिशांतला एकेक मोजून थांबतील. परंतु कपडे धुण्याच्या यंत्रांत एक आहे, विजेच्या नव्या मीटरांत एक आहे, मुलांच्या खेळण्यांत आहे, आणि ज्या संचावर आपण बातम्या पाहतां त्यांतहि आहे. इतके सेवक घरांत अहोरात्र राबत असतां त्यांपैकीं एकाचेंहि काम आंतून कसें चालतें हें घरांतील कोणासहि सांगतां येऊं नये, ही आपल्या काळाची मोठी चमत्कारिक अवस्था आहे. आपल्या पणजीला जातें ठाऊक होतें. खुंटा सैल झाला तर तो ती स्वतः ठोकून बसवी, आणि जात्याचे दगड गुळगुळीत झाले कीं त्यांना टाकी लावून घेई. आजोबांना सायकल ठाऊक होती. आपणांस मात्र यंत्रें वापरतां येतात, पण तीं ठाऊक नसतात. वापरणें आणि ठाऊक असणें या दोहोंत जें अंतर पडलें आहे, त्याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

त्यासाठीं मी निमित्त घेतलें आहे तें एका लहानशा संगणकाचें. हा संगणक घरीं बसून आपल्या हातांनीं जोडतां येतो. तो पन्नास वर्षांपूर्वींच्या पद्धतीचा आहे. त्याच्यानें पत्र लिहवत नाहीं, चित्रपट दाखववत नाहीं, कीं घरखर्चाचा हिशेबहि ठेववत नाहीं. पण त्याचें अंतरंग पहिल्या तारेपासून शेवटच्या आज्ञेपर्यंत एका माणसाच्या डोक्यांत मावतें, आणि हा गुण आज दुकानांत मिळणाऱ्या कोणत्याहि महागड्या संगणकांत नाहीं. त्याला आज्ञा देण्यास शिकणें हें केवळ हौशी माणसाचें खूळ नसून आजच्या नागरिकाच्या उपयोगाचें शिक्षण आहे, असें माझें म्हणणें आहे.

प्रथम त्याची जन्मकथा सांगतों. जोसेफ वाइझबेकर नांवाचे एक इंजिनिअर अमेरिकेंतील आर. सी. ए. या कंपनींत काम करीत असत. संगणक ही केवळ विद्यापीठांची व बड्या कचेऱ्यांची मिरास न राहतां तो घरांत, मुलांच्या हातीं यावा, असा त्यांचा ध्यास होता. १९७१ च्या सुमारास त्यांनीं 'फ्रेड' या नांवाचा एक छोटा संगणक तयार केला, आणि त्याच कल्पनांतून पुढें आर. सी. ए. चा '१८०२' हा प्रोसेसर निघाला. ऑगस्ट १९७६ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकांत वाइझबेकरांनीं एक लेख लिहून, हा प्रोसेसर घेऊन घरीं संगणक कसा बांधावा याचा नकाशा व कृति दिली. त्या संगणकाचें नांव 'कॉस्मॅक एल्फ'. एल्फ म्हणजे युरोपीय लोककथांतला खोडकर, ठेंगू यक्ष. साऱ्या सामानाचा खर्च तेव्हां सुमारें ८० डॉलर येई. त्याच मासिकानें जानेवारी १९७५ मध्यें 'अल्टेअर' हा घरीं जोडण्याचा संगणक मुखपृष्ठावर झळकविला होता. पण एल्फ त्याहून कितीतरी स्वस्त व साधा होता. वाइझबेकरांची कन्या जॉइस ही वडिलांच्या घरगुती संगणकावरच आज्ञा लिहिण्यास शिकली, आणि शाळा नुकतीच संपलेली असतां १९७६ मध्यें तिनें आर. सी. ए. च्या 'स्टुडिओ टू' या खेळयंत्रासाठीं खेळ लिहिले. घरच्या टेबलावर शिकलेली विद्या कोठवर जाते, याचें हें पहिल्याच पिढींतलें उदाहरण होय.

एल्फचा नकाशा समोर ठेवून तो बांधणारी मंडळी आजहि आहेत, आणि त्याच्या आटोपशीर नव्या आवृत्त्याहि निघाल्या आहेत. त्या पिढीचे प्रोसेसर मोठे चिवट निघाले. एल्फच्याच वर्षीं, म्हणजे १९७६ सालीं आलेला 'झेड-८०' हा प्रोसेसर, २०२४ मध्यें मूळ कंपनीनें शेवटच्या मागण्या घेऊन तो बंद करीपर्यंत, अठ्ठेचाळीस वर्षें बाजारांत होता.

आतां हा संगणक डोळ्यांपुढें आणा. आपल्यापुढें फळा नाहीं, म्हणून मी शब्दांनींच चित्र काढतों. शाळेंतल्या पाटीएवढी, किंबहुना तिच्याहूनहि लहान अशी एक पाटी आहे. तिच्यावर ४० पायांचा एक काळा, लांबट तुकडा बसविला आहे; हा प्रोसेसर. त्याच्या शेजारीं स्मृतीच्या दोन चिपा आहेत. एक स्फटिक आहे. त्याच्या जोरावर विजेचे ठोके पडतात आणि त्या ठेक्यावर सारें काम चालतें. पाटीच्या कडेला वर-खालीं होणाऱ्या आठ खटक्यांची रांग आहे, 'भरा' आणि 'चालवा' असें सांगणारे आणखी दोन-तीन खटके आहेत, एक दाबावयाचें बटण आहे, दोन अंक दाखविणारी खिडकी आहे, आणि एक तांबडा दिवा आहे. संपलें. पडदा नाहीं, टंकफलक नाहीं, साठवणीची तबकडी नाहीं. स्मृति अवघी २५६ बाइटांची. हें माप किती लहान, तें मराठी माणसाला असें सांगतां येईल: आजच्या संगणकांत देवनागरीचें एकेक चिन्ह साठविण्यास साधारणतः तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार हीं चिन्हें वेगळीं मोजलीं जातात. त्या हिशेबानें एल्फच्या साऱ्या स्मृतींत ८५ चिन्हें मावतील. म्हणजे पोस्टकार्डावरचा लांबलचक पत्ताहि पुरता मावावयाचा नाहीं.

या आठ खटक्यांची भाषा परकी वाटते, पण आपल्या जुन्या वाण्याच्या दुकानांत ती रोज बोलली जात असे. तराजूजवळचीं वजनें आठवा: छटाक, नवटाक, पावशेर आणि अच्छेर. प्रत्येक वजन आधींच्या वजनाच्या दुप्पट. हीं चार वजनें एकेकच असलीं तरी त्यांनीं एका छटाकापासून पंधरा छटाकांपर्यंत कोणताहि तोल साधतां येई. अकरा छटाक हवे असतील तर अच्छेर, नवटाक आणि छटाक पारड्यांत टाकावयाचे आणि पावशेर बाजूला ठेवावयाचा. प्रत्येक वजनाविषयीं प्रश्न एकच: तें पारड्यांत आहे कीं नाहीं? चार खटक्यांचा अर्थ नेमका हाच. खटका वर म्हणजे वजन पारड्यांत, खटका खालीं म्हणजे वजन बाहेर.

सोळावा छटाक आला कीं शेर पुरा होतो, जसा सोळावा आणा आला कीं रुपया पुरा होई. म्हणून चार खटक्यांचा मिळून एक अंक धरतात, आणि तो शून्यापासून पंधरापर्यंत जातो. नवाच्या पुढें एका चिन्हाचा अंक आपल्याजवळ नाहीं, यास्तव दहाला 'ए', अकराला 'बी', असें करीत पंधराला 'एफ' म्हणतात. आठ खटक्यांचे दोन अंक झाले. डावा अंक रुपयांचा, उजवा आण्यांचा. '४०' म्हणजे चार रुपये शून्य आणे, अर्थात् चौसष्ट आणे. जास्तींत जास्त पंधरा रुपये पंधरा आणे. शून्य धरून एकंदर २५६ संख्या. सोळा आण्यांचा रुपया १९५७ सालीं गेला, पण त्याचें गणित असें संगणकाच्या पोटांत टिकून राहिलें आहे.

आतां पहिला धडा. दिवा लावावयाचा, विझवावयाचा, आणि हें पुनः पुनः करावयाचें. त्याची आज्ञावली चार संख्यांची आहे: '७-बी, ७-ए, ३०, ००'. '७-बी' म्हणजे दिवा लाव. '७-ए' म्हणजे विझव. '३०' म्हणजे उडी मार, आणि कोठें मारावयाची तें पुढची संख्या सांगते. '००' म्हणजे स्मृतीचें अगदीं पहिलें घर. 'भरा' हा खटका वर करावयाचा, आठ खटक्यांवर पहिली संख्या मांडावयाची आणि बटण दाबावयाचें; ती पहिल्या घरांत जाऊन बसते आणि खिडकींत दिसते. असें चार वेळां केलें कीं 'भरा' खालीं घेऊन 'चालवा' वर करावयाचा.

आणि येथें प्रत्येक शिकाऊ माणूस बुचकळ्यांत पडतो. दिवा लुकलुकत नाहीं. तो एकसारखा, जरासा मंद, जळत राहतो. पहिला संशय येतो तो डाखलेल्या सांध्यावर, दुसरा दुकानदारावर. वस्तुतः काय झालें आहे पहा. समजा, ठोके सेकंदाला १६ लक्ष पडत आहेत. यांतील प्रत्येक आज्ञेला १६ ठोके लागतात. म्हणजे सेकंदाला एक लक्ष आज्ञा झाल्या. आपल्या फेऱ्यांत आज्ञा तीन आहेत, तेव्हां दिवा सेकंदाला तेहतीस हजारांहून अधिक वेळां लागून विझत आहे. डोळ्याला तेवढी चपळाई नाहीं. शिवाय प्रत्येक फेऱ्याच्या तीन भागांपैकीं एकच भाग दिवा लागलेला असतो, म्हणून प्रकाश मंद. यंत्र बिघडलेलें नसून त्यानें सांगितलेलें काम तंतोतंत केलें आहे. सांगणाराच्या मनांत 'थोडा वेळ थांबून' हे शब्द होते. ते त्यानें सांगितले नव्हते. माणसांच्या जगांत न सांगितलेलें समजून घेणारा भेटतो, आई भेटते, जुना नोकर भेटतो. या पाटीवर तसा कोणी नाहीं. आपण मनांत काय योजिलें आणि प्रत्यक्षांत काय सांगितलें, यांतील अंतर इतक्या उघडपणें दाखविणारा दुसरा शिक्षक मला ठाऊक नाहीं.

दुसरा धडा अर्थात् थांबावयास शिकविण्याचा. प्रोसेसरला 'अर्धा सेकंद थांब' असें म्हणतां येत नाहीं, कारण सेकंद म्हणजे काय हें त्याला माहीत नाहीं. त्याला मोजतां मात्र येतें. म्हणून लपंडावांत राज्य आलेल्या मुलाला जसें अंक मोजावयास लावतात, तसें त्यालाहि लावावयाचें. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या श्रोत्यांसाठीं सारी आज्ञावली सांगतों: '७-ए, एफ-८, ४०, बी-१, २१, ९१, ३-ए, ०४, ३१, ००, ७-बी, ३०, ०१'. तेरा संख्या झाल्या. पहिलीनें दिवा विझविला. 'एफ-८' म्हणजे पुढची संख्या उचल, ती '४०'. 'बी-१' नें ती मोजणीच्या घरांत वरच्या अर्ध्यांत ठेवली. '२१' नें मोजणी एकानें कमी केली, '९१' नें तिचा वरचा अर्धा भाग पाहिला, आणि '३-ए, ०४' नें बजावलें कीं तो अजून शून्य झाला नसेल तर '०४' या घराकडे परत जा. झाला असेल, तर '३१, ००': दिवा लागलेला असल्यास '००' कडे जा, म्हणजे तो विझेल. नसल्यास पुढें '७-बी', लाव. आणि '३०, ०१' नें पुन्हां मोजणीला लाग. '४०' म्हणजे चौसष्ट. चौसष्ट गुणिले २५६ म्हणजे १६,३८४ फेरे. प्रत्येक फेऱ्याला तीन आज्ञा, म्हणजे ४८ ठोके. हिशेब केला तर जवळ जवळ अर्धा सेकंद येतो. आतां दिवा अर्धा सेकंद जळतो, अर्धा सेकंद विझतो. आणि गंमत अशी कीं 'संगणक' हा एक शब्द देवनागरींत साठविण्यास १५ बाइट लागतात. संगणकाला श्वास घ्यावयास लावणारी ही आज्ञावली १३ बाइटांत बसते.

या तेरा संख्यांत आणखी एक मोठें तत्त्व लपलें आहे. '४०' ही संख्या येथें 'चौसष्ट' या अर्थानें आली. पण हीच संख्या आज्ञेच्या जागीं पडली तर तिचा अर्थ 'पुढच्या घरांतली संख्या उचल' असा होतो. समजा, शिकणाऱ्या मुलानें 'एफ-८' गाळलें. मग प्रोसेसर '४०' लाच आज्ञा समजतो, तिच्या पुढची 'बी-१' ही आज्ञा संख्या म्हणून गिळतो, आणि सारी ओळ एकेक पाऊल घसरते. स्मृतींत आज्ञा आणि संख्या यांना वेगळा रंग नसतो. अर्थ ठरतो तो जागेवरून. मराठी माणसाला हें नवें वाटूं नये. 'कर' हा शब्द एकटाच लिहून दाखविला तर तो हात आहे, सरकारी पट्टी आहे कीं 'काम कर' यांतलें क्रियापद आहे, हें कोण सांगेल? वाक्य पाहिल्यावांचून अर्थ लागत नाहीं, हें व्याकरण आपण लहानपणीं शिकलों. यंत्राचें व्याकरणहि तेंच आहे.

आणि मग हळूहळू शिस्त अंगीं बाणते. मध्येंच एक आज्ञा घालावयाची झाली तर पुढच्या साऱ्या घरांचे क्रमांक सरकतात आणि प्रत्येक उडीचा पत्ता बदलावा लागतो. म्हणून शहाणा माणूस आधीं चौकटीच्या वहींत पेन्सिलीनें लिहितो, मधें कांहीं घरें मोकळीं ठेवतो, आणि मगच खटक्यांना हात लावतो. वीज गेली कीं स्मृति पुसली जाते, पाटी कोरी होते; म्हणून तो थोडक्यांत लिहिण्यास शिकतो. चूक झाली तर दोष द्यावयास दुसरें कोणी नसतें, म्हणून तो आपलें लिखाण दुसऱ्याचें असल्यासारखें वाचण्यास शिकतो. निबंध लिहिणाऱ्यास, वकिलास, स्वयंपाकाची कृति लिहून देणाऱ्या गृहिणीस हे गुण नको आहेत काय?

कोणी म्हणेल, हें सर्व खेळणें आहे. त्यांना मी 'गॅलिलिओ' या अवकाशयानाची आठवण देतों. ऑक्टोबर १९८९ मध्यें निघून डिसेंबर १९९५ मध्यें तें गुरु ग्रहाभोंवतीं फिरूं लागलें आणि सप्टेंबर २००३ पर्यंत त्यानें काम केलें. त्याच्या आज्ञा व माहिती सांभाळणाऱ्या विभागांत याच '१८०२' जातीचे, किरणोत्सर्गाला दाद न देणारे असे खास घडविलेले अनेक प्रोसेसर होते. वाटेंत, १९९१ मध्यें, यानाची मोठी छत्रीसारखी अँटेना उघडेना. तेव्हां पृथ्वीवरच्या इंजिनिअरांनीं हातपाय गाळले नाहींत. छोट्या अँटेनावरून थोड्या शब्दांत अधिक माहिती धाडतां यावी म्हणून त्यांनीं नव्या आज्ञावली लिहून, १९९६ मध्यें त्या कोट्यवधि मैलांवरून यानाच्या स्मृतींत भरल्या. ती छत्री उघडली नाहीं ती नाहींच; पण नव्या आज्ञांनीं मोहीम तारली. आपल्या टेबलावरचा दिवा आणि तें यान यांच्यांत अंतर फार आहे, पण जात एक आहे.

आपल्याकडेहि ही वाट अगदींच अनोळखी नाहीं. इंटेल कंपनीचा '८०८५' हा प्रोसेसरहि १९७६ सालचाच. तो बसविलेल्या, अंकांचीं बटणें असलेल्या शिकवणीच्या पाट्यांवर आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनीं दोन संख्यांची बेरीज करण्याचे धडे गिरविले. त्यांच्या हातीं जें पाठ्यपुस्तक असे तें बहुधा रमेश गांवकर यांचें. न्यूयॉर्क राज्यांतील एका महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या या लेखकाचें तें पुस्तक १९८४ मध्यें प्रथम निघालें. दुःख एवढेंच कीं अनेकांनीं त्या पाटीकडे परीक्षेपुरतें पाहिलें. दहा गुणांचें प्रात्यक्षिक झालें कीं ती पाटी कपाटांत गेली. परीक्षेसाठीं शिकलेली आणि स्वतः जोडून शिकलेली विद्या यांत, दुसऱ्यानें वाढलेलें ताट आणि आपण रांधलेला भात, इतका फरक आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजच्या नोकरीच्या बाजारांत या विद्येला कोण विचारतो? सोप्या नव्या भाषा आहेत, त्यांत चार ओळींत मोठीं कामें होतात. हा आक्षेप मला मान्य आहे. ज्याला चरितार्थासाठीं आज्ञावली लिहावयाच्या आहेत त्यानें त्या नव्या भाषा शिकाव्या. एल्फच्या खटक्यांवर कोणाचें पोट भरणार नाहीं. परंतु या शिक्षणाचें फळ वेगळ्याच ठिकाणीं लागतें, आणि तें कोठें लागतें हें मीं एका कचेरींत पाहिलें.

आमच्या शेजारच्या आजींचें एक काम होतें. सोबत मी होतों आणि माझी भाची होती. तिनें सुटींत अशीच एक पाटी जोडून दिव्याचे धडे केले होते. खिडकींतल्या गृहस्थांनीं आजींचें नांव टंकलें आणि मान हलविली. "आजी, सिस्टिम घेत नाहीं." आजींनीं विचारलें, "मग आतां हो?" "आतां काय? सिस्टिमच घेत नाहीं म्हटल्यावर आम्ही तरी काय करणार?" हें वाक्य, श्रोतेहो, आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे. पावसाला नाहीं म्हणतां येत नाहीं, दैवाला नाहीं म्हणतां येत नाहीं, तशी ही सिस्टिम. आजी परत फिरल्याहि. एवढ्यांत भाची म्हणाली, "काका, त्या रकान्यांत किती अक्षरें मावतात?" गृहस्थ चांगले होते, त्यांनीं मोजून पाहिलें. विसावें चिन्ह उमटलें, एकविसावें उमटेना. आजींचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव मिळून, काना-मात्रा धरतां, त्याहून बरेंच लांब होत होतें. रकाना आंखणाऱ्यानें इंग्रजी अक्षरांचा अंदाज धरला असावा आणि देवनागरींत मात्राहि मोजली जाते हें त्याच्या ध्यानांत आलें नसावें. आजींचें काम त्या दिवशीं झालें नाहीं. परंतु 'सिस्टिम घेत नाहीं' या वाक्याच्या जागीं 'रकाना वीस चिन्हांचा आहे, तो वाढवावयास हवा' असें वाक्य अर्जावर आलें. पहिल्या वाक्याला उत्तर नसतें. दुसऱ्याला असतें, आणि तें देण्याची जबाबदारी कोणातरी माणसावर येते.

माझें जें काय म्हणणें आहे तें एवढेंच आहे. यंत्राला इच्छा नाहीं. त्याच्या प्रत्येक 'हो' आणि 'नाहीं' मागें कोणीतरी माणूस आहे. हें वाक्य ऐकून पटतें, पण ऐकून पटलेलें खिडकीपुढें उभें राहिल्यावर आठवत नाहीं. ज्यानें स्वतःच्या हातानें 'भरा' चा खटका वर करून एकेक संख्या पाटींत घातली आहे, त्याला तें आठवतें. आजकाल कांहीं यंत्रांचे नियम माणूस ओळीओळीनें लिहीत नाहीं. लाखों उदाहरणांवरून ते यंत्राकडूनच काढवून घेतले जातात, आणि ते लिहवून घेणाऱ्यांनाहि पुरते उलगडून दाखवितां येत नाहींत, हें खरें. पण कोणतीं उदाहरणें द्यावयाचीं, कशाला यश म्हणावयाचें आणि त्या यंत्राचा शब्द कोठें अखेरचा मानावयाचा, हें माणसेंच ठरवितात. कर्जाचा अर्ज, परीक्षेचे गुण, दवाखान्यांतली रांग यांचे निर्णय जसजसे यंत्रांकडे जातील, तसतसा 'हें कोणी सांगितलें आणि काय सांगितलें?' असा शांत प्रश्न विचारणाऱ्या नागरिकांची समाजाला गरज लागेल.

ज्यांना हा अभ्यास करून पाहावासा वाटेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. एकदम सामान विकत आणूं नका. एल्फची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावली घरच्या संगणकावर फुकट चालवितां येतात; त्यांवर पहिले दोन धडे करून पाहा, आणि गोडी लागली तरच पाटी जोडा. पाटीला पांच व्होल्टांची तयार पुरवणी पुरते, घरच्या विजेच्या तारांना हात लावण्याचें कारण नाहीं. डाख देतांना खिडकी उघडी ठेवावी, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि काम संपल्यावर हात साबणानें धुवावे. मुलांजवळ वडील माणूस बसलेलें असावें. आठवड्याची एक संध्याकाळ पुरे. आधीं दिवा, मग मोजणी, मग खटक्यांवरची संख्या वाचून खिडकींत दाखविणें, मग दोन संख्यांची बेरीज, मग पाढा. वहींत प्रत्येक आज्ञेपुढें तिचा अर्थ मराठींत लिहावा. जें मराठींत एका ओळींत लिहितां येत नाहीं तें आपणांस अजून समजलेलें नाहीं, असें खुशाल धरावें. आणि मुलगा किंवा मुलगी अडली कीं उत्तर सांगण्याची घाई करूं नये, "तूं त्याला नेमकें काय सांगितलेंस?" एवढेंच विचारावें.

सगळींच यंत्रें तळापर्यंत जाणणें आज कोणाहि एका माणसाला शक्य नाहीं. खुद्द तीं बनविणाऱ्यांनाहि नाहीं. तशी गरजहि नाहीं. ज्यानें एक विहीर उतरून तळ पाहिला आहे त्याला दुसऱ्या विहिरीच्या काठावर उभें राहून इतकें तरी कळतें, कीं खालीं तळ आहे आणि काळोख म्हणजे भूत नव्हे. आपल्या मुलांना एक तरी तळ पाहूं द्यावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.